आधी मोज, मग काय ते गिळ

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना नुसता राग आला. "मावशी, अश्वगंधा-शिलाजीत चालू करू की जिमचे सर म्हणतात तसं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ, कुठलं सेफ?" एवढा लांबलचक मेसेज, त्यात थकवा, चिडचिड, सुटलेलं पोट, दाढी भरत नाही, सकाळचं "ते" होत नाही (आडून आडून लिहू नकोस रे, माझं आयुष्य मिरजेत लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी-वीर्य बघण्यात गेलंय), सगळं आहे आणि एक आकडा नाही. एक रिपोर्ट नाही. मग मी कशाच्या जोरावर सांगू हे घे का ते घे?

आधी मोज. मग काय ते गिळ. टोचून घ्यायचं असलं तरी आधी मोज.

तू म्हणशील लॅबवाली बाई दुसरं काय सांगणार. म्हण. लोक आयुष्यभर म्हणत आलेत, तुम्हाला टेस्ट करायला लावायच्या असतात, कमिशन असतं. आता मी रिटायर आहे, तू रक्त दिल्याने मला एक रुपया मिळणार नाही, तरी हेच सांगतेय. आणि मला काय वाटतं ते सोड, यात एक गोष्ट अशी आहे जी तुझ्या सरांनी तुला सांगितलेली नाही, कारण बहुतेक त्यांनाच माहीत नाही. एकदा सुई घेतलीस की खरा आकडा गेला. परत मिळायला कित्येक महिने.

का ते ऐक. मेंदूच्या खाली पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच नावाची दोन हार्मोनं सोडते, त्यांच्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. तुमच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठव. बाहेरून टँकरने टाकी भरलीस की बॉलकॉक वर येतो आणि नळाचं पाणी बंद. बाहेरून हार्मोन आलं की पिट्यूटरी गप्प, एलएच तळाला, वृषणांचं काम बंद, ती आकाराने पण लहान होतात. मग तू चार महिन्यांनी घाबरून डॉक्टरकडे जाणार आणि डॉक्टर विचारणार मुळात तुझं टेस्टोस्टेरॉन कमी होतं का, होतं तर खराबी वरच्या ग्रंथीत होती का खाली, तर उत्तर कुठून आणणार? सुरुवातीला कमी टेस्टोस्टेरॉनबरोबर एलएच जास्त असेल तर बिघाड वृषणात, एलएच कमी असेल किंवा वाढायला हवं तेव्हा वाढलेलं नसेल तर वर पिट्यूटरीत, एवढी साधी वाचायची गोष्ट असते ती. सुईनंतर ती पाटी पुसलेली असते. म्हणून म्हणते आधी मोज.

शुक्राणूंचं तर विचारूच नको. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक अभ्यास छापला, निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दिलं. कशासाठी दिलं माहितेय? गर्भनिरोधक म्हणून चालतं का बघायला. बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर नाहीतर शून्याच्या जवळपास आले. हो, थांबवल्यावर त्या अभ्यासातल्यांचे परत वाढले, ते मी लपवत नाही. पण तुमच्या जिममध्ये "सायकल" मारतात, म्हणजे काही आठवडे लागोपाठ टोचून घेतात, ती त्याच्या कितीतरी पट, वर डेका नावाचं दुसरं स्टेरॉइड, वर अजून कायकाय, कुठून आलेलं ते देवाला ठाऊक, आणि अशातल्या काहींचे परत यायला वर्षच्या वर्ष लागतं, काहींचे पूर्ण येतच नाहीत. तुझी आई स्थळं बघतेय ना?

हे मला का एवढं लागतं सांगते. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली जोडपी यायची. बायकोच्या सोनोग्राफ्या झालेल्या, नळ्या मोकळ्या आहेत का बघायची ती दुखरी तपासणी झालेली, सासूचे टोमणे खाऊन झालेले, नवस बोलून झालेले, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याचा सॅम्पल माझ्या टेबलावर. नवरा दंड फुगलेला, टीशर्टमध्ये मावत नाही असा. मायक्रोस्कोपखाली फील्ड मोकळं. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून, तळाचा थेंब बघायचा, तिथेही काही नाही. मी कागदावर लिहायचे "शुक्राणू आढळले नाहीत" आणि पाकीट बंद. सांगायचं काम डॉक्टरांचं, टेक्निशियनने तोंड उघडायचं नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे, अर्धवट माहितीवर लॅबवाले बोलायला लागले तर हाहाकार होईल. पण ती बाई पाकीट घेऊन जिना उतरायची तेव्हा मला वाटायचं, या माणसाला पहिली सुई घ्यायच्या आधी कोणीतरी दरडावायला हवं होतं. तेव्हा नोकरी होती. आता नाही. म्हणून तुला दरडावतेय, वाईट वाटलं तर वाटू दे.

आता तुझं अश्वगंधा. ते झाडपाल्याचं आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, हे वाक्य माझ्यासमोर परत बोलू नकोस. धोतराही झाडपालाच आहे. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, वैद्याने नाडी बघून, त्रास विचारून दिलेलं औषध वेगळं आणि रील बघून मागवलेली डबी वेगळी. अश्वगंधावर छोटे छोटे अभ्यास आहेत, ताण आणि झोपेला काहींना बरं वाटलं, टेस्टोस्टेरॉन थोडंसं वाढलं असंही काहींत दिसलं. थोडंसं. ज्याचं खरंच तळाला गेलंय त्याला ते वर आणत नाही. गोखरूचं तर माणसांवरच्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसत नाही, विकतात मात्र जोरात. आणि अश्वगंधाने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, यकृताला त्रास होऊन कावीळ झालेल्या केसेस नोंदलेल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली, ती मला जरा अतीच वाटते, पण तुझा थकवा मुळात थायरॉइडचा असला आणि तू आधी महिनाभर अश्वगंधा खाऊन मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, केलंस तर तो रिपोर्ट वाचायचा कसा? इथेपण तेच. आधी मोज.

डबीत काय आहे हा पुन्हा वेगळा प्रश्न. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, २००४ साली ते छापून आलं, १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. "पुरुषांची ताकद" वाल्या हर्बल कॅप्सूलांत गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घातलेलं पकडलंय कितीदा. घेणारा म्हणतो काय जडीबुटी आहे!

"पण मावशी, मित्राला बरं वाटतंय." बरं वाटणं म्हणजे मोजणं नव्हे रे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं की तरुण झाल्यासारखं वाटतंय. पाण्यातला अर्क, त्यात हार्मोन नावापुरतंसुद्धा नसणार. एवढा मोठा माणूस फसला, तुझा मित्र कोण लागून गेला.

मी इंजेक्शनच्या विरोधात आहे असंही समजू नकोस. ज्याला क्लाइनफेल्टर आहे (जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त, दर पाचशे-हजार पुरुषांत एखादा, कित्येकांना लग्नानंतरच कळतं), पिट्यूटरीत गाठ आहे, गालगुंड वृषणांत उतरून ती खराब झालीत, आणि मोजून टेस्टोस्टेरॉन कमीच निघालंय, त्याला ते औषध म्हणून लागतंच, हाडांसाठी, रक्तासाठी, सगळ्यासाठी, आणि त्याला कुठलीही मुळी पर्याय नाही. पण ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, देतो, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती ते) बघत देतो कारण त्याने रक्त घट्ट होतं, आणि बिघाड पिट्यूटरीत असून मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन न देता दुसरी इंजेक्शनं देतो. जिमच्या लॉकरमधून देत नाही.

तर आता काय करायचं ते. चाकणला नाईट शिफ्ट करून सकाळी तसाच रक्त द्यायला जाऊ नकोस, तो आकडा खोटा कमी येईल आणि तुझे सर तोच कागद नाचवतील. शिकागोला तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं, २०११ चा अभ्यास. तू तर महिनोन्महिने तेच करतोयस! डे शिफ्टच्या आठवड्यात, दोन-चार रात्री नीट झोपून, उपाशीपोटी, सकाळी सात ते दहाच्या आत. ताप-सर्दी असेल तेव्हा नको. केसांसाठी त्या बायोटिनच्या गमीज खातोस ना, त्या तीन दिवस आधी बंद, बायोटिनने बऱ्याच मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच खोटं कमी दिसतं. टोटल टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (तेही पिट्यूटरीचंच हार्मोन), टीएसएच, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), बी-१२. बी-१२ विसरू नकोस, घर माळकरी, तू अंडंसुद्धा खात नाहीस, मला तर पहिला संशय तिथेच आहे. टेस्टोस्टेरॉन साधारण डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर घाबरायचं नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी परत तपासायचं, एका आकड्यावर निदान होत नाही. ते "फुल बॉडी पॅकेज" दुपारी तीनला घरी येऊन रक्त नेतात, ते नको. आणि रात्री घोरतोस का, हे रूममेटला विचारून ठेव, डॉक्टर विचारतील.

तोपर्यंत डबी फोडायची नाही. सरांना सांग मावशीने रिपोर्ट मागितलाय, हसले तर हसू दे. रिपोर्ट आला की सगळ्या पानांचा फोटो पाठव, रक्त किती वाजता घेतलं ती वेळ छापलेली असते, ती कापू नकोस, मी आधी तीच बघणार आहे.

तुझी,
मावशी