नाणी तुमची, उत्तरं आमची : चूक टांकसाळीतली की कुणी नंतर केलेली?

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यात 2015 चं डॉ. आंबेडकर 125 व्या जयंतीचं दहाचं नाणं आलंय, मधला पांढरा भाग सरकल्यासारखा वाटतो. एकजण रोज मागे लागलाय, विकून टाकू का? (सातारा)

थांबा जरा, आधी भिंग घ्या. दहाच्या नाण्याची पिवळी रिंग आणि पांढरा गाभा हे आधी जोडून मग छापत नाहीत, दोन्ही कोरे तुकडे एकत्रच प्रेसमध्ये जातात आणि डायच्या (चित्र उमटवणाऱ्या ठशाच्या) एकाच दणक्यात चित्रही उमटतं आणि गाभा रिंगमध्ये घट्टही बसतो. म्हणजे दणका बसायच्या आधी गाभा सरकलेला असेल तर सरकते ती पांढऱ्या धातूची कड, चित्र नाही! बाबासाहेबांचा चेहरा काठापासून जिथे हवा तिथेच असणार, फक्त त्याचा थोडा भाग पिवळ्यावर गेलेला दिसेल, एका बाजूला पांढरा धातू रिंगवर चढलेला आणि समोरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट. असं असेल तर ते खरं एरर (टांकसाळीतली चूक) आहे आणि घाईत अजिबात देऊ नका, दोन-तीन जाणत्या डीलरना दाखवा.

पण चेहराच रिंगवरच्या अक्षरांच्या मानाने तिरका झाला असेल तर गाभा कुणीतरी बाहेर काढून फिरवून परत ठोकलाय. डाय फिरल्यामुळे झालेल्या खऱ्या एररमध्ये त्या बाजूचं सगळंच फिरतं, रिंगवरची अक्षरंसुद्धा. सांध्यावर ओरखडे आहेत का तेही बघा. हल्ली असला बनवलेला माल खूप फिरतोय आणि नवीन संग्राहक त्यात पैसे घालवतात याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझ्याकडे ज्ञानेश्वर माउलींचं 1999 चं एक रुपयाचं नाणं आहे, त्याची कड एका ठिकाणी गोल कापलेली आहे. हे एरर आहे का? घासून चकचकीत करू का? (इचलकरंजी)

घासू नकोस रे बाळा, मुळीच नको! घासलं की संग्राहक त्याला हात लावत नाहीत.

याला क्लिप म्हणतात. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात तेव्हा पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पुढचा पंच (चकती कापणारं हत्यार) आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा तेवढा भाग आधीच गेलेला असतो. आता खरी गंमत. कापलेल्या जागेच्या बरोब्बर समोरची कड बघ. चकतीची कड उचलायला तिला दाबून फिरवतात, एका बाजूला धातूच नसला की समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, म्हणून तिथली कड बऱ्याचदा पुसट आणि सपाट राहते. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड चांगली ठसठशीत असते आणि कापलेल्या जागी कानशीच्या रेघा दिसतात. वजनही करून घे, सोनाराकडे मिनिटभराचं काम आहे, अख्खं नाणं 4.85 ग्रॅमचं असतं, तुझं त्याहून कमी भरायला हवं. अर्थात कमी वजन दोन्हीकडे भरणार, तेव्हा निर्णय कडेवरूनच.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या दहाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे, आधी रजिस्ट्रेशन फी भरायला सांगतात. (नांदेड)

भरू नका. 2012 चं ते नाणं चलनासाठीच काढलेलं आहे, देवीचं चित्र म्हणजे काही एरर नाही. असं कमिशन, फी मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीरच केलंय.

प्रश्न : इथे अमेरिकेत स्टेट क्वार्टर्स (एकेका राज्याची 25 सेंटची नाणी) जमवते. 2004 चं विस्कॉन्सिनचं पानासारखं उलटलं की मागची बाजू उलटी येते, हे डाय रोटेशन (डाय फिरल्याचं एरर) का? (न्यू जर्सी)

नाही ताई, अमेरिकेची सगळीच चलनी नाणी अशी असतात, आपल्याकडे दोन्ही बाजू सुलट येतात म्हणून तुम्हाला ते खटकलं. अमेरिकन नाणं वर-खाली उलटून बघा, सरळ दिसेल.

पण विस्कॉन्सिन आहे म्हणताय तर ते परत ठेवू नका! वॉशिंग्टनच्या चेहऱ्याच्या बाजूला डी अक्षर आहे का बघा, म्हणजे डेन्व्हर टांकसाळ. असेल तर मागे गाय आणि चीजबरोबर जे मक्याचं कणीस आहे त्याच्या डाव्या अंगाला खाली एक जास्तीचं पान शोधा. कुठे ते वर वळलेलं असतं, कुठे खाली चीजकडे झुकलेलं, दोन्ही प्रकार संग्राहक जमवतात. ही नाणी आधी ॲरिझोनातल्या टूसॉनच्या आसपास सापडायला लागली. मिनेसोटाचं 2005 चं क्वार्टर असेल तर त्यात जास्तीचं झाड शोधा, त्याचे बरेच उपप्रकार आहेत, भिंगाशिवाय जमणार नाही. दोन्ही नाणी चलनातलीच, त्यामुळे सुट्ट्या पैशांत अजूनही मिळू शकतात.