ऑनर सोसायटीचं आमंत्रण आलंय, पैसे भरावेत का?

मुलगी टेक्सासमध्ये इलेक्ट्रिकलचं एमएस करतेय, आईवडील नाशिकला. ऑक्टोबरात तिला ईमेल आली: उत्कृष्ट जीपीएमुळे (सरासरी ग्रेडमुळे) राष्ट्रीय ऑनर सोसायटीसाठी, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांना सदस्यत्व देणाऱ्या संस्थेसाठी, तुमची निवड झाली आहे, ७ दिवसांत ९५ डॉलर भरा. म्हणजे आठेक हजार रुपये. वडील पैसे पाठवायला तयारच होते. संधी हातची जायला नको, एवढीच धास्ती.

मुलगी ऑगस्टमध्ये गेलेली आणि पहिल्या सत्राचे ग्रेड डिसेंबरात लागतात. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, जीपीएचा रकानाच रिकामा असताना तो 'उत्कृष्ट' कुणी ठरवला? मग त्यांना तिचं नाव आणि ईमेल पत्ता मिळाला कुठून? १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्याखाली नाव, ईमेल, अभ्यासाचा विषय अशी 'डिरेक्टरी माहिती' विद्यापीठ बाहेर देऊ शकतं. ती थांबवायची तर विद्यार्थ्याने रजिस्ट्रारकडे तसं कळवावं लागतं. जीपीए मात्र त्या माहितीत येत नाही.

फी मागितली म्हणजे फसवणूक, असं पालक धरून चालतात. ते बरोबर नाही. १७७६ पासूनची फाय बीटा कापा ही नावाजलेली ऑनर सोसायटीसुद्धा सदस्यत्वाची फी घेते. पण तिथे निवड त्याच कॉलेजातले प्राध्यापक करतात. टाऊ बीटा पाय ही इंजिनिअरिंगची ऑनर सोसायटी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या वरच्या एक-अष्टमांश आणि शेवटच्या वर्षातल्या वरच्या एक-पंचमांश मुलांचाच विचार करते. निकष असा नेमका सांगता येत नसेल, तर तिथेच थांबावं.

मी तिला सांगितलं, ईमेलमधल्या लिंकला हात लावू नकोस. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः जा, मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनांच्या यादीत हे नाव शोध. सोसायटीची शाखा तिथे असेल तर तिच्या प्राध्यापक सल्लागाराला विद्यापीठाच्या पत्त्यावर तीन प्रश्न विचार: निवड कोण करतं, निकष काय, फी एकदाच की दरवर्षी? १९२५ ला स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज या अशा सोसायट्यांच्या संघटनेची सदस्य-यादीही पाहा. मात्र यादीत नाव नाही म्हणून खोटी ठरवू नकोस. फाय बीटा कापाही त्या यादीत नाही.

तिच्या विद्यापीठात त्या सोसायटीची शाखाच निघाली नाही. अशा संस्था बेकायदेशीर असतातच असं नाही. पैसे घेतात, प्रमाणपत्र पाठवतात, सवलतींची कुपनं देतात. पण तुम्हाला शिकवणाऱ्या कुणीही तुमचं नाव सुचवलेलं नसतं, आणि रेझ्युमेवर वजन पडतं ते त्याचंच. सदस्य झाल्यास सरकारी नोकरीत वरच्या वेतनश्रेणीचं आमिषही काही जण दाखवतात. अमेरिकी केंद्र सरकारचा तसा नियम खरा आहे, पण त्या नोकऱ्या बहुतांशी नागरिकांसाठी असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला त्याचा काय उपयोग?

तिच्याच विषयाची, १९०४ साली सुरू झालेली इटा कापा नू ही सोसायटी आहे. विभागात तिची शाखा आहे का आणि ग्रेड लागल्यावर एमएसची मुलं पात्र ठरतात का, हे ग्रॅज्युएट ॲडव्हायझरला विचारायचं तिने ठरवलं.

कुणी आधीच पैसे भरले असतील तर आपोआप नूतनीकरण चालू नाही ना, ते आजच तपासा. असेल तर लेखी रद्द करा, आणि कार्ड देणाऱ्या बँकेला कळवा. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक) मागणाऱ्या फॉर्मवर काहीही भरू नका.

वडिलांची शेवटची शंका होती, उत्तरच दिलं नाही तर कॉलेजात नाव खराब होईल का? व्हिसावर येईल का? ईमेल डिलीट केल्याची नोंद विद्यापीठाकडेही होत नाही आणि इमिग्रेशनकडेही.