अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा कोच राजकारणात यशस्वी झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे. नेब्रास्का विद्यापीठाचे टॉम ऑस्बॉर्न. (हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकी खेळ.) 1973 ते 1997 अशी सलग 25 वर्षं ते मुख्य कोच होते. 255 विजय, फक्त 49 पराभव, 3 बरोबरी आणि 1994, 1995, 1997 ही तीन राष्ट्रीय विजेतेपदं.

मला मात्र त्यांचा एक पराभवच जास्त मोठा वाटतो. जानेवारी 1984, ऑरेंज बाउल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना, समोर मायामी विद्यापीठाचा संघ. शेवटच्या मिनिटाला नेब्रास्का 30-31 अशी मागे होती. सोपी किक मारून एका गुणाने बरोबरी साधली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक मिळालंच असतं, कारण तेव्हा ते मतदानाने ठरायचं. ऑस्बॉर्ननी जिंकण्यासाठी किकऐवजी दोन गुणांचा, जास्त जोखमीचा डाव खेळला. तो फसला, सामना गेला, पण लोकांच्या मनातला त्यांचा मान वाढला.

पुढे रिपब्लिकन पक्षाकडून 2000 मध्ये ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि 2007 पर्यंत खासदार राहिले. 2006 मध्ये नेब्रास्का राज्याच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी मात्र पक्षांतर्गत निवडणुकीत पदावर असलेल्या डेव्ह हाइनमन यांच्याकडून हरले. त्यानंतर ते विद्यापीठात क्रीडा संचालक म्हणून परतले.