डुप्लिकेट चावी परत परत करूनही लागत नाही. दोष चावीवाल्याचा की कुलपाचा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहता, फ्लॅटच्या लॅचची डुप्लिकेट वेगवेगळ्या दुकानांतून करून घेतली आणि प्रत्येक वेळी ती कुठंतरी अडतेच. पुढं जाता जाता असंही म्हणालात की मूळ चावीसुद्धा 'जरा हलवली की' लागते. माझ्या मते निम्मं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. लक्ष्मीपुरीत माझं चाव्यांचं दुकान आहे आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, मूळ म्हणताय ती खरंच मूळ आहे का?

भाड्याच्या घरात सहसा नसते. कुलपाबरोबर आलेल्या चाव्या मालकाच्या कपाटात, भाडेकरूच्या हातात त्यांची नक्कल. तो गेला की तीच झिजलेली नक्कल पुढच्याला, आणि पुढचा तिच्यावरून आणखी एक करून घेतो. प्रत्येक नकलेत थोडी चूक मिसळते आणि चुका एकमेकींत जमा होत जातात. चावीच्या डोक्यावर कुलपाच्याच कंपनीचं नाव असेल तर मूळ असण्याची शक्यता जास्त. दुसरंच नाव असेल किंवा डोकं कोरं असेल, तर ती बाजारातल्या ब्लँकवर, म्हणजे खाचा न पाडलेल्या कोऱ्या चावीवर, कापलेली आहे असं समजा.

लॅचच्या आत एका रांगेत बारीक पिना असतात, प्रत्येक पीन दोन तुकड्यांची, वर स्प्रिंग. चावीची खाच त्या पिनेला नेमक्या उंचीवर धरते. सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत आले की सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो गोल गाभा, फिरतो. एक जरी वर किंवा खाली राहिली तरी अडला. खाचांच्या खोलीत पायरीपायरीचा फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, काही कुलपांत त्याहून कमी असतो. म्हणजे चुकीला जागा मिलिमीटरच्या दहाव्या-वीसाव्या भागाचीच. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मशीनकडे बघा. दोन जबडे असतात, एकात तुमची चावी, दुसऱ्यात ब्लँक. तुमच्या चावीवरून गाईड सरकतो आणि तोच मार्ग पलीकडं कटर कापत जातो. गाईड आणि कटर एकाच पातळीत नसतील तर त्या मशीनवरची प्रत्येक चावी सारखीच चुकते. तपासायला सोपं आहे: दोन्ही जबड्यांत एकाच जातीच्या दोन कोऱ्या चाव्या लावायच्या, गाईड पहिलीला टेकवायचा आणि कटर हातानं फिरवायचा. दुसरीला तो नुसता चाटून गेला पाहिजे. खरवडला तर खाचा खोल जाणार, लागलाच नाही तर उथळ राहणार. मी सकाळी शटर उघडलं की आधी हे बघतो.

याहून साधी चूक जबड्यातल्या किसाची. आधीच्या चावीचा पितळी कीस ब्रशनं झाडला नाही तर नवी चावी त्यावर तिरकी बसते. डोळ्याला दिसत नाही, कुलपाला कळतं. तिसरी चूक खांद्याची. बहुतेक लॅचच्या चावीला डोक्याखाली खांदा, म्हणजे बाहेर आलेली कड, असतो आणि आत घातल्यावर ती तिथं थांबते. काही चाव्यांना खांदाच नसतो, त्या टोकावर टेकतात. तशी चावी टोकाला मापून लावावी लागते. ती अंदाजानं लावली की सगळ्या खाचा एकदम पुढं नाहीतर मागं सरकतात. त्यात गिऱ्हाईक म्हणतंय, "मामा, लवकर, गाडी नो पार्किंगला हाय."

न लागणारी चावी कुठं अडते त्यावरून बरंच कळतं. आतच जात नसेल तर ब्लँक चुकलाय, बाजूच्या उभ्या खोबणी जुळत नाहीत किंवा जाडी जास्त आहे. ती कानशीनं घासून बसवायच्या फंदात पडू नका, दुसरा ब्लँक मागा. पूर्ण आत जाऊन फिरत नसेल, पण केसभर बाहेर ओढून हलक्या हातानं फिरवल्यावर फिरली, तर खाचा टोकाकडं सरकल्यात. नुसती खरखरत असेल, ओढताना अडकत असेल, तर खाचांच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक धार, राहिलाय. मशीनच्या ब्रशवर धरली की काम झालं.

यातलं काहीच नसेल तर दोन्ही चाव्या पाठीला पाठ जुळवून व्हर्निअर कॅलिपरनं मापा, पाठीपासून प्रत्येक खाचेच्या तळापर्यंत. डुप्लिकेट एखाद्या खाचेत जास्त भरली तर ती तिथं अजून उतरवता येते. कमी भरली तर संपलं, कापलेलं पितळ परत येत नाही. म्हणून कानस हातात घेऊन 'जरा घासतो, लागेल' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठली खाच आणि किती. उत्तर नसेल तर चावी परत घ्या. आणि मूळ चावीला कानस लावू द्यायची नाही, कुणी कितीही जुनाजाणता असो.

आता तुमचं कुलूप. मूळ चावी हलवावी लागते म्हणजे चावी झिजलीय, पिना झिजल्यात किंवा आत चिकटा झालाय. आपल्याकडं घरोघरी एक उपाय ठरलेला, लॅचमध्ये खोबरेल तेल. दोन दिवस गुळगुळीत फिरतं, मग त्यावर धूळ बसते. शिवाय डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं खोबरेल गोठतं ते कुलपातलंही गोठतं. ग्रॅफाइट पावडर वापरा. नाही मिळाली तर शिसपेन्सिल चावीच्या खाचांवर घासून आतबाहेर करा, पुरतं. आधी तेल घातलं असेल तर मात्र लॅच साफ करून घ्या, नाहीतर तेलात पावडर मिसळून काळा चिखल होतो.

आणि डुप्लिकेट नेहमी दार उघडं ठेवून तपासा. उघड्या दारात फिरते आणि बंद दारात अडते, तर चावीचा काही दोष नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, लॅचची जीभ चौकटीतल्या पट्टीवर घासते आणि शिव्या चावीवाल्याला बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडं परत येणाऱ्या चाव्यांत अशा बऱ्याच असतात. तिथं सुताराला बोलवा.

लिव्हरच्या, म्हणजे आत पिनांऐवजी उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असलेल्या, मोठ्या कुलपांचं गणित वेगळं. तिथं प्रत्येक लिव्हर नेमका उचलला गेला पाहिजे, जास्तही नाही आणि कमीही नाही. गाडीची नवी चावी फिरते पण इंजिन चालू राहत नसेल तर तो बहुधा चावीतल्या चिपचा प्रश्न, खाचांचा नाही.

तुम्ही असं करा. मालकाला फोन करून कुलपाबरोबर आलेली चावी मागा, डुप्लिकेट काढतोय हेही त्याच फोनमध्ये सांगून टाका. ती हलवाहलवी न करता लागते का ते आधी बघा. लागली तर तिच्यावरूनच पितळी ब्लँकवर दोन कापून घ्या, एक वापरायला आणि एक न वापरता पुढची नक्कल काढायला. तीही हलवावी लागत असेल तर चाव्यांवर पैसे घालवू नका, सिलिंडर बदला. बऱ्याच लॅचमध्ये तो वेगळा सुटा मिळतो, जुना काढून दुकानात न्या म्हणजे लांबी जुळवता येते, आणि खर्च कुणी करायचा ते मालकाशी आधीच बोलून घ्या.