एकच वही

पोरी,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, तीही पेन्सिलने, वाचायला अख्खी संध्याकाळ गेली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पुढच्या वेळी पेन वापर.

"सर, घरात प्यायच्या पाण्याची मारामार आणि मी सकाळी उठून अंगणातली सातभाई पाखरं मोजत बसते, मला लाज वाटते, हे बंद करू का?" असं विचारलंयस. याचं उत्तर मी देणार नाही. तुला बंदच करायचं असतं तर तू केलं असतंस, चार पानं लिहिली नसतीस. पाखरांना पाणी ठेवणं बरोबर की चूक यावरही मला बोलायचं नाही. मातीच्या पसरट परळात अर्धा लिटर मावतं, दोनदा भरलं तर एक लिटर, आणि जुन्या टाकीचा फ्लश एकदा ओढला की दहाएक लिटर जातं. पप्पांना हा हिशोब ऐकवायचा असेल तर ऐकव, पण मला नाही वाटत त्यांचं भांडण हिशोबाचं आहे.

मला बोलायचंय ते तुझ्या पहिल्या आणि चौथ्या पानाबद्दल.

पहिल्या पानावर तू लिहिलंयस, मंगळवारी संध्याकाळी पप्पांनी परळ लाथेनं उडवला, तुकडे झाले, आजीनं ते गप गोळा केले, आणि पुढं, "पप्पा इतके निर्दयी कधीपासून झाले कळत नाही." चौथ्या पानावर, सगळं संपल्यावर आठवल्यासारखं, "चारा परवडत नाही म्हणून मंगळवारच्या बाजारात कालवड विकली." मंगळवार एकच आहे ना गं? का दोन वेगवेगळे? मधे तीन पानं तांबट, खार, होले, आणि तुझ्या हे लक्षातच आलं नाही की सकाळी दावं सोडून दिलेला माणूस संध्याकाळी दारात येतो आणि त्याला पहिलं काय दिसतं तर पाण्यानं भरलेला परळ. मी चाळीस कोस लांब बसून वाचलं तर मला दिसलं, तू त्याच अंगणात होतीस. तुझी नजर कच्ची नाही, उलट चांगली आहे, पण तू दोन वह्या ठेवतेस. एक पाखरांची, तारीख-वेळ-संख्या लिहिलेली, नीट. दुसरी घरची, ती डोक्यात, आणि तिच्यात नुसती विशेषणं. एकच वही ठेव. बाकी पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

"निर्दयी" हे निरीक्षण नाही. तसंच दुसऱ्या पानावर "उन्हानं बिचारी साळुंकी रडवेली झाली होती" हेही नाही. साळुंकी रडत नव्हती, चोच उघडी टाकून धापा टाकत होती, गळा थरथरत असेल, पंख अंगापासून जरा लांब धरले असतील. पक्ष्याला घाम येत नाही, तो असाच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि त्यात त्याच्या अंगातलं पाणी जातं, म्हणून तो परळावर येतो. एवढं लिहिलंस तर पुढच्या वर्षी त्याचा उपयोग आहे. रडवेली लिहिलंस तर फक्त तुला रडू येतं. पप्पांचंही तेच. कुठून आले, किती वाजता, चप्पल काढली का, आल्या आल्या पाणी मागितलं का. लिही. अर्थ काढायची घाई नको.

आता तू म्हणशील सर घरच्यांना पण जनावरांसारखं बघायचं का. हो. निदान तेवढं तरी बघ.

मी हे ज्या अधिकारानं सांगतोय तो काही भूषणाचा नाही. २०१५ चा पावसाळा गेला तेव्हा आमच्या लातूरला मांजरा धरणात काही उरलं नव्हतं, त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नव्हता, २०१२ ला नव्हता, म्हणजे लोकांची सहनशक्ती आधीच तळाला लागलेली. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, सगळा देश बघायला आला. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, घरटी दोनशे लिटर, प्रत्येकाच्या दारात पिंपं मांडलेली, काही पिंपांना साखळी-कुलूप. शेजारच्यांनी सातशे फुटांपर्यंत बोअर घेतला, धूळ निघाली.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचो आणि मागच्या अंगणाची वही ठेवायचो. शेवगा, लिंबोणी, भिंतीवर एक परळ, आणि रोज सकाळी पाऊण तास. ती वही आजही माझ्याकडे आहे आणि मी छाती ठोकून सांगतो, चांगली वही आहे. सातभाईंचा थवा नऊचा होता, एक जण नळाच्या तोटीवर बसून राखण करायचा, तोटीत पाणी नव्हतंच पण जागा उंच, बाकीचे दोन-दोन करून प्यायचे, मग राखणदार बदलायचा. त्यांच्यात पिल्लांना नुसते आईबाप भरवत नाहीत, आधीच्या वर्षीची मोठी भावंडंही चारा आणतात, ते मी त्या उन्हाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खार परळावर यायची आणि पाणी पिऊन झालं की भिंतीच्या सावलीत चारी पाय पसरून पोट टेकवून पडून राहायची, मेली की काय असं वाटायचं. माठाला गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटावर मधमाशा. त्या पाणी पोळ्यात नेतात, तिथं पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात.

आणि मोरीत एक भेक होता, बेडकाच्या जातीतला. मोठा, खडबडीत, नारळाच्या करवंटीएवढा. रात्री तुझी काकू, म्हणजे माझी बायको, भांडी घासून उरलेलं तांब्याभर पाणी मोरीत टाकायची की तो कोपऱ्यातून सरकत यायचा आणि त्या ओल्या फरशीवर पोट टेकवून बसायचा. भेक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो. मी टॉर्च घेऊन उकिडवा बसून बघितलंय. वहीत नोंद आहे, "भेक, मोरी, रात्री ९.४०, बसून राहिला २५ मिनिटं." अशा बत्तीस नोंदी आहेत.

त्या बत्तीस नोंदींत काकू एकदाही नाही. तो तांब्या कोणी ओतला, फिनाईल टाकायचं कोणी बंद केलं, रात्री पावणेदहाला ती अजून मोरीत का होती, पोरं आणि मी झोपायच्या तयारीत असताना, काही नाही. जसं काही ते पाणी आपोआप पडायचं.

जून उजाडला आणि एके रात्री ती पोट धरून कळवळली. मुतखडा. डॉक्टरनी विचारलं दिवसाला पाणी किती पिता, ती म्हणाली लागतं तेवढं पिते. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? तिनं किती महिने दुपारचं पाणी सोडलं होतं ते मला ठाऊकच नव्हतं, पोरांना कमी पडू नये म्हणून, आणि बाहेर जायचं असलं की सकाळपासूनच नाही, हे मला नंतर माझ्या मेहुणीनं सांगितलं. आणि माझ्या वहीत १७ एप्रिलच्या पानावर काय आहे माहितीय? "बुलबुल परळावर ११ वेळा." अकरा! अधोरेखित केलंय मी ते.

आता मी काही नुसता बसून नव्हतो हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू भलतंच समजशील. टँकर रात्री दोनला आला तर दोनला पाईप धरून मीच उभा असायचो, सायकलला दोन कॅन लावून तीन किलोमीटरवरून शाळेतल्या ओळखीवर पाणी आणायचो, आंघोळ दोन दिवसांतून एकदा आणि तीही पिंपात बसून, म्हणजे ते पाणी शेवग्याला. माझी वही चालली ती या सगळ्यातून वेळ काढून. शिवाय आम्हाला शिकवलंच तसं होतं, की निरीक्षणात घरचं काही आणायचं नाही, मी-माझं आलं की नोंद बिघडते. एका मोठ्या अभ्यासकाला मी एकदा वही दाखवली होती तर त्यांनी कडेला लिहिलेल्या दोन घरगुती ओळींवर काट मारली आणि मला ते पटलं, मी पुढं पंधरा वर्षं ते पाळलं. चूक त्यांची नाही, वही माझी होती. तरीपण... असो. बघितलं नाही म्हणजे नाही बघितलं.

म्हणून म्हणतो एकच वही. ॲपवर पाखरांची यादी टाकतेस ती टाक, मी नाही म्हणत नाही, पण त्या ॲपमध्ये आजीसाठी रकाना नाही. कागदाची वही घे, दोनशे पानी. एकाच तारखेखाली, एकाच शाईत. "६.५०, सातभाई ७, परळ कोरडा होता. आजीनं चूळ भरायचं पाणी लिंबाच्या बुडाशी टाकलं. पप्पा बोअरला कान लावून आले." माझ्याकडं पप्पांबद्दल दुसरं काही विचारायच्या आधी त्यांच्या वीस नोंदी दाखव. वीस. मग आपण बोलू.

आजीवरून आठवलं. तिचं जे काय चाललेलं असतं, टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस बक्कळ, कावळ्याचं घरटं झाडाच्या आत असलं की वादळ, ते ऐकून तू हसतेस असं वाटलं पत्रावरून. मीही हसायचो. हसू नकोस आणि मानही डोलावू नकोस. तारीख टाकून तिच्या शब्दांत लिही, आणि खाली जागा सोड, ऑक्टोबरमध्ये काय झालं ते भरायला. माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्लेली बाई. तेव्हा धान्याची ओरड होती, विहिरीच्या तळाला थोडंफार पाणी तरी होतं, आता दुकानात गहू मिळतो आणि बोअर कोरडा. तिला नक्की माहीत असणार की त्या वर्षी चिमण्या कुठं गेल्या, बाभळीवर सुगरणीचे खोपे झाले का नाही, मोर गावात आले का. मी पाखरांवर पुस्तकं आणून वाचत होतो आणि आई त्याच ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली असायची. एकदाही विचारलं नाही. २००९ ला ती गेली. आता कोणाला विचारू सांग.

तुझी आजी आहे. विचार. पण "आजी दुष्काळाबद्दल सांग" असं विचारलंस तर ती सगळ्यांना सांगते तेच सांगेल. त्यापेक्षा विचार, बाहत्तरला तू सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठं जायचीस.

पुण्याला परत जाऊन एमपीएससीची आणखी एक बारी द्यायची का, हेही विचारलंयस ना? मला त्यातलं कळत नाही. रूमचं भाडं कालवडीच्या पैशातून जाणार असेल तर ते वहीत लिही आणि मग ठरव, एवढंच. आणि "या सगळ्याचा उपयोग काय" हा प्रश्न मला परत पाठवू नकोस, मी चिडतो. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनच्या नोंदीत तोवर इतका कोरडा ऑगस्ट देशात झालेला नव्हता. ते कळलं कारण कोणीतरी रोज पर्जन्यमापकातलं पाणी मोजून लिहीत होतं, पाऊस नव्हता त्या दिवशीसुद्धा शून्य लिहीत होतं. तुमचा तालुका त्या वर्षी सरकारनं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांच्या यादीत आला तो अशाच आकड्यांवर. तुझ्या अंगणाचा आकडा तुझ्याशिवाय कोण लिहिणार? आज सातभाई आले नाहीत तर "आले नाहीत" लिही. पप्पा बोलले नाहीत तर "बोलले नाहीत" लिही. ते शून्य फार महत्त्वाचं आहे, मी माझ्या वहीत ते कधी लिहिलं नाही.

नवीन परळ कुंभाराकडून घे, प्लॅस्टिकचं नको, मातीचा गार राहतो आणि कडेवर पाखराची नखं धरतात. मधे एक खडबडीत दगड ठेव, मधमाशा बुडत नाहीत. दोन दिवसांनी घासून काढ, डास नकोत. आणि ठेवायचा कुठं ते पप्पांनाच विचार, मुद्दाम. दारात नको म्हणाले तर मागं ठेव, नकोच म्हणाले तर आठ दिवस थांब आणि तेही लिही.

पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा पक्षी इकडं अजून ओरडलेला नाही. तुमच्याकडं ऐकू आला तर तारीख कळव.

काकू आता बाटलीवर रबर लावून पाणी पिते, दुपारपर्यंत तीन रबर झाले पाहिजेत असं तिचं गणित. तुझं पत्र तिनंही वाचलं, माझ्याआधी. पप्पांचं वगैरे काही बोलली नाही, एवढंच विचारलं की पोरीच्या घरी मोरीत भेक आहे का. बघून सांग. रात्री नऊनंतर बघ, आणि लाईट एकदम लावू नकोस.

तुझा,
सर