तुमचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं

प्रश्न : माझी नात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकते. आमचे खानदेशचे व्याही म्हणतात, थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर चढवणाराही हिस्लॉपच. मग त्याच्या नावाचं कॉलेज कसं?
– एक आजोबा, ता. हिंगणा

उत्तर : आजोबा, व्याही खोटं बोलत नाहीत, पण माणसं दोन आहेत.

थाळनेरचा तो सर टॉमस हिस्लॉप, कंपनीच्या दख्खन फौजेचा सेनापती. १८१२ साली तो मुंबईला यायला निघाला आणि ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन' युद्धनौकेच्या हाती सापडला. तिथून सुटला तो पुढे आपल्याच मुळावर आला. डिसेंबर १८१७ मध्ये त्यानं माळव्यातल्या महिदपूरला होळकरांचा पराभव केला. दोनेक महिन्यांनी थाळनेरला किल्लेदाराला फाशी दिली, आतली शिबंदी कापून काढली. यावर विलायतेतही बोंब झाली होती.

कॉलेज ज्याच्या नावाचं, तो स्टीफन हिस्लॉप, मिशनरी. जन्मला १८१७ मध्येच, स्कॉटलंडच्या सीमेकडल्या डन्स गावी. १८४५ला नागपुरात आला, पुढच्या वर्षी शाळा काढली. कॉलेज मात्र त्याच्या मागं, १८८३चं. धर्मप्रचार करायचा हे खरं, पण दगड दिसला की गडी थांबायचा. मांगली गावच्या दगडांतून जीवाश्म काढले, गोंडांविषयी टिपणं लिहून ठेवली.

तुमच्या तालुक्याशीही त्याचा संबंध आहे. टाकळघाटच्या माळावर काळ्या धोंड्यांची गोल रिंगणं आहेत ना, ती हजारो वर्षांपूर्वीची दफनं. सप्टेंबर १८६३ मध्ये तो तीच पाहायला गेला आणि बोरीकडे परतताना नाल्यात बुडाला. आपला नाला परक्याला कळत नाही, बाप्पा. डोक्यावर ऊन असतं, पाऊस वरच्या शिवारात पडलेला असतो, न् पाहता पाहता पाणी घोड्याच्या पोटाला लागतं. त्याची गोंडांवरची टिपणं पुढे मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यानं १८६६ मध्ये छापली.



नात विज्ञान शाखेला असेल तर तिला 'हिस्लोपाइट' विचारा. हिरव्या रंगाचं कॅल्साइट खनिज, नाव याच स्टीफनवरून, सापडलं टाकळीला. पण ही टाकळी नागपूरची, तुमचं टाकळघाट नव्हे. नाहीतर व्याह्यांसारखीच गल्लत व्हायची.