लॉकडाऊनमधल्या वेबिनारमधून तज्ज्ञांकडून खरंच कोणी काही शिकलं का, की नुसती सर्टिफिकेटंच गोळा झाली?

मी शिकले. मोडी लिपी, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहीत ती, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बसून.

सर्टिफिकेटांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये दिवसाला दोन-दोन वेबिनार, शेवटी गूगल फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट हजर. ते शिकणं नव्हे. पण ‘स्क्रीनवर विद्या येत नाही’ असं आमचा दादाही म्हणायचा, म्हणून लिहायला बसले.

त्याआधी मी एका हॉलमधल्या मोडी वर्गाला जाऊन पाहिलं होतं. साठ माणसं, झेरॉक्सची झेरॉक्स, मागच्या रांगेतून फळा दिसायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात सोडला. लॉकडाऊनमध्ये झूमवरचा मोडी वर्ग धरला. तिथले सर मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवून कॅमेरा थेट कागदावर धरायचे. आधी आडवी शिरोरेघ, मग तिला एकेक अक्षर टांगत जायचं. हात न उचलता कसा वळतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा होती. पुन्हा जोडले जाईपर्यंत पुढची ओळ आपली आपण लावून ठेवायची, हा सरांचा दंडक.

शेवटच्या आठवड्यात सरांनी घरचे कागद मागवले. आमच्याकडे पणजोबांच्या ट्रंकेतला एक होता. जुन्नरकडची जमीन पणजोबांनी कवडीमोलाने विकली, याचा पुरावा म्हणून दादा तो चाळीस वर्षं दाखवत आलाय. वाचता त्यालाही येत नव्हता.

सरांनी तो स्क्रीनवर मोठा केला. फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, १३२१. त्यात ५९० मिळवले की १९११, म्हणजे १९११-१२ चा कागद. ‘पुढचं तुम्ही वाचा,’ सर म्हणाले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे अडखळत गेले. ‘गहाण’. पुन्हा वाचलं. ‘गहाण लिहून दिली’. पाठीमागे वेगळ्या हातातली ओळ: रुपये चारशे भरून पावले. त्या माणसाने कर्ज फेडलं होतं! बावीस अनोळखी माणसांसमोर मला रडू फुटलं. सर थांबले, कोणी काही बोललं नाही.

नंतर जमीन कशी गेली, त्याचा कागद घरात नाही. पण विकल्याचं त्या कागदात अक्षरही नाही.

तुम्हाला शिकायचं असेल तर दोनशे जणांची भाषणं ऐकत बसू नका. वीस-पंचवीस जणांचा वर्ग धरा, जिथे नाव घेऊन वाचायला लावतात आणि गृहपाठ तपासून फोटो परत पाठवतात. आणि हो, हाताचं वळण स्क्रीनवरून बसत नाही. माझं वाचन बरं आहे, लेखन अजून कच्चंच. कागद कोर्टात द्यायचा असेल तर माझ्यासारखीवर विसंबू नका, जाणकार लिप्यंतरकार गाठा.

दादाला मी ओळ न ओळ देवनागरीत उतरवून दिली. ‘मोबाइलवर शिकलेलीचं वाचन काय खरं धरायचं,’ म्हणाला. मग दुसऱ्या कोणाकडून वाचून घे, म्हटलं. मोडी कागदांचं पेशवे दफ्तर ज्या गावात आहे, त्या पुण्यात मोडी वाचणारा माणूस मिळत नाही असं नाही. अजून त्याने कागद कोणाला दाखवलेला नाही. येत्या सर्वपित्रीला पणजोबांचं पान वाढताना ‘जमीन विकणारे’ हे शब्द त्याने तोंडातून काढू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.